पोहोचल्याची रिंग

इथले भुताखेतांचे अनुभव मी गेलं वर्षभर वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसले आहे. रागावू नका. मी बत्तीस वर्षं आरोग्य सेविका म्हणून खेड्यापाड्यांत नोकरी केली. साप चावलेल्या माणसाला मांत्रिकाच्या ओट्यावरून उचलून जीपमध्ये घातलं आहे, अंगात येणाऱ्या बायकांचं हिमोग्लोबिन तपासून त्यांना लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. त्यात आम्ही बौद्ध... उतारा, लिंबू-मिरची, बाहेरची बाधा, असल्या गोष्टींना आमच्या घरात कधी थाराच नव्हता. त्यामुळे हे लिहायला बसले तेव्हा माझी मलाच लाज वाटली. पण कुणाला तरी सांगायला हवं, आणि घरात सांगायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मी हिंगणघाटला राहते. वणा नदीच्या अलीकडे, गावाच्या टोकाला प्लॉट पाडून झालेली नवी वस्ती, म्हणजे आमच्याकडे म्हणतात तसं ले-आउट आहे, तिथे आमचं दोन खोल्यांचं घर. माझे मिस्टर आधी कापडाच्या मिलमध्ये होते. ते काम सुटल्यावर त्यांनी ओट्यावर शिलाई मशीन टाकली. म्हणजे सकाळी बॅग घेऊन एसटीनं मी बाहेर, आणि हे घरी. लोक टोमणे मारायचे, "बाई कमावते अन् बाप्या घर राखते!" यांच्यावर त्याचा ढिम्म परिणाम व्हायचा नाही. यांना घोर असायचा तो एकाच गोष्टीचा — मी नीट पोहोचले की नाही.

लँडलाइन घेतला तोच त्यासाठी. तेव्हा मोबाइल नव्हते, गावोगावी ते नाणं टाकायचे फोनचे डबे होते. यांनी पहिल्याच दिवशी नियम करून टाकला.

"पोचली का दोन रिंग दे अन् ठेवून दे. मी उचलणार नाई. तुया रुपया वापस. तिसरी रिंग आली तं मी समजीन का काई गडबड हाय, मंग उचलीन."

"अन् मले तुमच्याशी बोलाचं असलं तं?" मी विचारलं.

"ते संध्याकाळी घरी बोल ना. फुकट हाय."

असा माणूस! पण पंचवीस वर्षं हा नियम आम्ही पाळला. पुढे मोबाइल आले, बोलणं जवळपास फुकट झालं, तरी माझ्या दोन रिंग घरच्या लँडलाइनवरच जायच्या. तिसरी मी आख्ख्या नोकरीत एकदाच दिली. पुराचं पाणी रस्त्यावर आलं होतं आणि मी चार गरोदर बायांना घेऊन शाळेच्या खोलीत अडकले होते. तिसरी वाजते न वाजते तोच यांनी उचलला होता.

मी रिटायर झाले आणि वर्षाच्या आत हे गेले. झोपेतच. त्याला आता तीन वर्षं होतील.

मुलगा अमोल पुण्याला असतो, सॉफ्टवेअरमध्ये. "चल माझ्याकडे," म्हणतो, पण मनापासून नाही, आणि मीही मनापासून नाही म्हणत नाही. असं आमचं चाललेलं असतं. मी इथे एकटीच राहते.

आता एक गोष्ट सांगते, जी अमोललाही माहीत नाही. हे गेल्यावरही मी कुठे गेले की घरी दोन रिंग द्यायची. वर्ध्याला दवाखान्यात गेले, देवळीला बहिणीकडे गेले, पोहोचले की घरचा नंबर लावायचा, दोन वाजू द्यायच्या आणि कट करायचं. घराला कुलूप आहे हे मला माहीत होतं हो. डोकं ठिकाणावर होतं माझं. पण माणूस आयुष्यभर कुणाला तरी 'पोहोचले' म्हणून सांगत आलेला असतो... ते एकदम बंद कसं करणार?

तर मागच्या दिवाळीनंतर आमच्या ले-आउटमध्ये फायबर आलं. आधी विजेच्या खांबांवर काळ्या वायरीची वेटोळी लटकली, मग घरोघरी ड्रिलचा आवाज सुरू झाला. समोरच्या शोभाचं किराणा दुकान आहे, तिला तर कोण आनंद! "सिस्टर, आता सीरियल अटकत नाई, पुरी सटासट चालते," असं रस्त्यातून ओरडून सांगायची. मी नर्स म्हणून आख्खा ले-आउट मला सिस्टरच म्हणतो. पूर्वी संध्याकाळी चारपाच जणी माझ्या ओट्यावर येऊन बसायच्या. महिन्याभरात एकेक करून येईनाशा झाल्या. भांडण नाही, तंटा नाही, जो तो आपापल्या घरात सटासट चालू.

अमोलनं पुण्याहूनच माझंही कनेक्शन बुक केलं. माझ्या मोबाइलवर ओटीपी आला, तो त्याला सांगितला, की तिसऱ्या दिवशी माणूस दारात हजर. चाळिशीचा, सभ्य माणूस. भिंतीला भोक पाडलं, पांढरा डबा लावला, हिरवा दिवा लागला. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या जुन्या फोनवर गेली.

"मावशी, हा फोन राहू द्याचा का? इकडची तांब्याची लाइन पुरी काढून राह्यले. नंबर तोच पायजे असन तं वेगळा फारम भरा लागते. नाई तं बंद होऊन जाईन."

अमोल व्हिडिओ कॉलवर होताच. म्हणाला, "आई, त्या फोनवर येतो तरी कुणाचा फोन? उगाच कशाला ठेवायचा?"

आता काय सांगणार? रिकाम्या घराला मी रिंग देते, असं सांगू? परक्या माणसासमोर, मुलाला? मी म्हटलं, "बंद करून टाका." माझ्याच तोंडानं म्हटलं. त्यानं बाहेरच्या भिंतीवर वायर कापली, वीतभर तुकडा तिथेच लोंबत राहिला. फोन मात्र मी उचलू दिला नाही. म्हटलं, राहू द्या शोभेला.

व्हिडिओ कॉल फार सुरेख दिसायचा. अमोलचा चेहरा इतका स्पष्ट की दाढीतला पांढरा केसही दिसावा. आणि बोलता बोलता त्याचे डोळे दुसऱ्याच स्क्रीनकडे जातात, तेही तितकंच स्पष्ट. आधी ते दिसायचं नाही, चित्र अडकायचं तेव्हा मला वाटायचं नेटवर्कमुळे तो गप्प आहे. पहिला महिना रोज फोन आला, मग रविवारचा रविवार.

संक्रांतीच्या सुमारास देवळीला गेले. स्टँडवर उतरले आणि सवयीनं घरचा नंबर लावला. रेकॉर्ड केलेली बाई बोलली, हा क्रमांक अस्तित्वात नाही. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. मी तिथेच बाकावर बसले आणि रडले. हे गेले तेव्हा इतकी रडले नव्हते, तेव्हा लोक होते ना भोवती, सगळ्यांचं करावं लागत होतं.

आता मुख्य गोष्ट. उन्हाळा लागला होता. कारंजा घाडगेला माझ्याबरोबर नोकरी केलेल्या मैत्रिणीच्या रिटायरमेंटचा कार्यक्रम होता, दुसऱ्या दिवशी सकाळी. मी आदल्या दिवशीच निघाले. वाटेत बस बंद पडली, मग दुसरी बस, त्यात उभ्यानं प्रवास. डबा बॅगेत तसाच राहिला. कारंजाला हायवेवर उतरले तेव्हा साडेचार वाजून गेले होते, दोन तास उशीर. उतरताच डोळ्यांपुढे अंधारी आली. हातापायाला घाम, जीभ जड. शुगर उतरली हे मला कळलं, इतक्या वर्षांची नर्स मी. एका ढाब्याच्या शेडमध्ये बाजेवर कशीबशी टेकले. ट्रक उभे होते, माणसं जेवत होती, माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आणि मला एकाएकी फार भीती वाटली. चक्करेची नाही. दोन तास उशीर झाला आणि जगात कुणाच्याही जिवाला घोर लागलेला नाही, याची. मैत्रिणीला वाटत होतं मी उद्या सकाळी येणार. अमोलला तर मी घरात आहे असंच वाटत होतं.

बॅगेत बिस्किटं शोधत होते तोच हाताला मोबाइल लागला. का कोण जाणे, मी घरचा नंबर लावला. त्या बाईचा आवाज ऐकायचा म्हणून असेल, तेवढंच कुणीतरी बोलेल.

रिंग गेली.

आमच्या लँडलाइनची रिंग कशी जायची ते मला चांगलं ठाऊक आहे. लांब, जराशी घरघरणारी. एक. दोन. आणि मी कट केलं.

विचार करून नाही केलं. अंगठ्यानंच केलं. मोबाइल मांडीवर ठेवला, बिस्किटाचा पुडा फोडला, दोन बिस्किटं खाल्ली, आणि तिसरं तोंडाजवळ नेताना माझ्या लक्षात आलं की तो नंबर आता नाही.

मग मी तो नंबर अकरा वेळा लावला. अकराही वेळा तीच बाई. मोबाइलमध्ये बारा कॉलची ओळ दिसते, 'घर', 'घर', 'घर'... पहिल्यात आणि बाकीच्यांत काडीचा फरक नाही. शुगर उतरल्यावर माणसाला भास होतात, हे मी स्वतः किती जणांना समजावलं आहे. मलाही तेच समजावलं, आणि कार्यक्रम उरकून परत आले.

रिक्षातून उतरले तर शोभा दुकानातून हाक मारते, "सिस्टर, तुमी तं गावाले गेलत्या ना? मंग तो फोन काऊन वाजून राह्यला होता काल?"

मी रस्ता ओलांडून तिच्याकडे गेले. "कोणता फोन?"

"तुमचा जुनावाला. मी पोतं घ्याले बाहीर आली होती, साडेचार-पावणेपाच असन. खिडकीतून चांगला आवाज आला. मी म्हटलं, बंद केलता ना हा?"

"किती वेळ वाजला?"

"काय बाप्पा, वाजते न वाजते तं बंद झाला. दोन डाव."

मी तिला काही सांगितलं नव्हतं. कारंजाला काय झालं ते तर नाहीच, आणि दोन रिंगचं तोवर घराबाहेर कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

घरात जाऊन पाहिलं. फोनवर धूळ तशीच. बाहेर कापलेली वायर तशीच, तिच्या टोकाला कोळ्यानं जाळं केलेलं. रिसीव्हर कानाला लावला, काहीच नाही. दुसऱ्या दिवशी फायबरवाल्याला बोलावलं. त्यानं वायर हातात धरून पाहिली, खांबापर्यंत जाऊन आला.

"मावशी, इथून एक्स्चेंजपर्यंत तांबंच नाई. कंत्राटदारानं उपटून नेलं. वाजाचा सवालच नाई." मग म्हणाला, "कोणाचा फोन याचा होता का?" मी नाही म्हटलं.

अमोलला अर्धंच सांगितलं, शोभानं आवाज ऐकला एवढंच. तो म्हणाला, तिच्याच घरातला टीव्ही असेल. असेलही. पण टीव्हीतला फोन आणि माझी कारंजाची रिंग, दोन्ही एकाच वेळी, दोनच वेळा? असो. त्याच्याशी वाद घातला नाही.

शोभाला मात्र राहवेना म्हणून मी सगळं सांगितलं. ती घाबरली नाही, उलट तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "सिस्टर, कुठं गेल्या तं मले रिंग देत जा ना." चांगली बाई आहे. पुढच्या वेळी वर्ध्याहून दिली, तर पहिल्याच रिंगला उचलून गॅस सिलिंडरवाल्याची कैफियत सांगायला लागली, वीस मिनिटं. तिचं माणूसपण मोठं आहे, पण ते हे नव्हे.

त्यानंतर मी पाच-सहा वेळा गावाला जाऊन आले. दरवेळी नंबर लावते. ती बाई तिन्ही भाषांत बोलते, मी शेवटपर्यंत ऐकते. पुन्हा कधी रिंग गेली नाही. तुमच्यापैकी कुणी टेलिफोनच्या खात्यातलं असेल तर हे कसं झालं ते सांगा, मी वाद न घालता ऐकेन.

मला छळते ती गोष्ट वेगळीच आहे. त्या दिवशी मी त्या बाजेवर घामानं भिजून, एकटी, भेदरून बसले होते. तिसरी रिंग द्यायची वेळ आयुष्यात खरी कधी आली असेल तर ती तेव्हा. आणि माझा अंगठा दोनवर थांबला. म्हणजे घरात जे कोणी ऐकत होतं, त्याला मी कळवलं की मी नीट पोहोचले आहे, सगळं ठीक आहे, काळजी करू नका.

ठीक नव्हतं हो काहीच.