नवे सर आणि हत्तुरे सर

टॅबलेट सुरू करण्याआधी हत्तुरे सर वर्गाची परवानगी घेत. आधी चष्मा पुसायचा, मग त्याच रुमालानं टॅब पुसायचा, मग पोरांकडं बघून विचारायचं, "उघडू का?" सगळा वर्ग "उघडा सर!" म्हणेपर्यंत टॅब बंद. एखाद्या दिवशी पोरं मस्तीत "नको" म्हणाली, तर सर तो कपाटात ठेवत आणि फळ्यावर पाढे लिहायला घेत. त्यामुळे पोरं "नको" फारसं म्हणत नसत.

मी शेजारच्या वर्गाची बाई. आमच्या वर्गांमध्ये भिंत नव्हती, लाकडी पार्टिशन होतं. सरांचं शिकवणं मला इच्छा असो-नसो ऐकावं लागे. शाळा सोलापुरात, यंत्रमागांच्या खडखडाटात. सर अक्कलकोटकडचे. त्यांच्या घरी कानडी, वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू, आणि शिकवायचं मराठी. "वर्गात सगळेच पाहुणे हाय की बाई, कुणी कुणाला हसायचं?" असं ते म्हणत.

तो टॅब कुठल्याशा संस्थेनं शाळेला दिला होता. तो कुणी सांभाळायचा म्हटल्यावर आम्ही सगळे तरुण शिक्षक छताकडं बघू लागलो. निवृत्तीला आलेल्या हत्तुरे सरांनी सही करून तो घेतला. दुसऱ्या दिवशी वर्गात खुर्चीवर टेकवून ओळख करून दिली, "हे नवे सर. बीएड झालेलं न्हाई, पण छडी मारत न्हाईत आन् तासाला चहाला जात न्हाईत." शेवटचं वाक्य पार्टिशनकडं तोंड करून म्हटलेलं होतं. मी चहाचा कप खाली ठेवला.

तेव्हापासून टॅबचं नाव नवे सर. "नवे सर चार्जिंगला लावलेत," असं पोरं अगदी गंभीरपणे सांगत. त्यात वाचनाचं एक अ‍ॅप होतं. मुलानं धडा मोठ्यानं वाचायचा, अ‍ॅप ऐकायचं, आणि नीट वाचलेल्या ओळीला एक तारा द्यायचं. हत्तुरे सर मागं उभे राहून सगळं बघत. "गणिताला अ‍ॅप झालं, वाचायला अ‍ॅप झालं. नाक पुसायला तेवढा मी उरलोय," असं म्हणत आणि खरोखरच कुणाचं तरी नाक पुसत.

त्या वर्गात अंबिका नावाची मुलगी होती. तिसरीतली. पहिलीत असताना वाचताना अडखळली, वर्ग हसला, आणि तिनं शाळेत तोंड उघडणं बंद केलं ते केलंच. लिहायची सगळं. हजेरीला हात वर करायची. घरी मात्र तिचं तोंड मिटत नाही असं तिची आई सांगायची. आम्ही सगळ्यांनी गोडीनं, रागानं, चॉकलेटनं प्रयत्न करून पाहिले. चॉकलेट तिनं खाल्लं.

एके दिवशी सरांनी तिला टॅब दिला आणि कपाटामागं बसायला सांगितलं. थोड्या वेळानं कपाटामागून बारीक आवाज आला. सर पार्टिशनच्या फटीतून मला म्हणाले, "बाई, हलू नका." मी माझ्या जागेवर होते, हलण्याचं काही कारणही नव्हतं, तरी मी हलले नाही. पोरगी चक्क वाचत होती हो! पण कपाटामागं, आणि फक्त नव्या सरांना. हत्तुरे सर जवळ गेले की गप्प.

तिचे वडील टॉवेलच्या मागावर कामाला. नवरात्राच्या सुरुवातीला ते शाळेत आले. "सर, बोलतच न्हाई तर शाळा कशाला? भिवंडीला बहिणीकडं पाठवतो. तिचं बाळ तरी सांभाळंल." सरांनी त्यांना थांबवलं. "दसरा होऊ द्या. त्यानंतरच्या शनिवारी या, दारामागं उभं राहून ऐका. न्हाई ऐकू आलं तर तुमची पोरगी, तुमचा निर्णय." वडील हो म्हणाले.

मग पाटीपूजन आलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं पाटीवर सरस्वती काढून पूजा करतात. सरांच्या मते टॅब ही पाटीच. त्यांनी चित्राच्या अ‍ॅपमध्ये बोटानं सरस्वती काढली, टॅब पाटावर ठेवला, आणि मुलींना म्हणाले, "करा पूजा." मुलींनी हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, फुलानं पाणी शिंपडलं. एकीनं प्रसादाच्या दुधाचाही थेंब दिला. कुणी काही कमी केलं नाही. दसऱ्याची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा सरस्वती नीट दिसत होती, पण नव्या सरांना ऐकू येणं बंद झालं होतं.

सर टॅब घेऊन नवी पेठेत दुरुस्तीवाल्याकडं गेले, मीही सोबत गेले. त्यानं टॅब उघडला आणि बराच वेळ आत बघत राहिला. "माइकमध्ये कुंकू कुणी भरलं?"

"भरलं न्हाई, वाहिलं," सर म्हणाले.

पार्ट पुण्याहून येणार होता, दिवाळीनंतर. परतताना रिक्षात सरांनी टॅब मांडीवर धरला होता. घराजवळ उतरताना म्हणाले, "बाई, माझ्या हौसेपायी पोरगी भिवंडीला जाणार बघा." मला फार वाईट वाटलं. त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर ते अ‍ॅप घेतलं, पण अंबिकानं तो मोबाइल हातात धरला नाही. तिची ओळख नव्या सरांशी होती.

शनिवारी वडील आले. दारामागं उभे राहिले. दुसरं काही सुचलं नाही म्हणून सरांनी तोच बहिरा टॅब अंबिकाच्या हातात दिला. ती कपाटामागं गेली. बारीक आवाज आला आणि थांबला. पुन्हा आला, पुन्हा थांबला. माझ्या वर्गाला मी डोळ्यांनीच गप्प केलं होतं.

मग अंबिका टॅब छातीशी धरून बाहेर आली. चिडली होती. सरळ हत्तुरे सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, ह्यांला ऐकू येईना. तुमी ऐका."

सर तिथंच जमिनीवर बसले. "वाच. पण जरा मोठ्यानं वाच, मलाबी एका कानानं कमी येतंय."

तिनं अख्खा धडा वाचला. दोनदा अडखळली. कुणी हसलं नाही, हसण्याची कुणाची हिंमत नव्हती. वाचून झाल्यावर ती तशीच उभी राहिली. कशासाठी ते सरांना आधी कळेना. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि तिच्या तळहातावर एक एक करत तारे काढायला घेतले.

दारामागून वडील पुढं आले. "घरी पण अशीच बडबडती," म्हणाले आणि तोंड फिरवून खांद्यावरच्या टॉवेलानं डोळे पुसत राहिले. भिवंडीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

सुट्टीत मी सरांना म्हटलं, "सर, दोन वर्षं आपण जीव तोडला, आणि ती आधी बोलली कुणाशी, तर त्या डब्याशी!"

सर रुमालानं चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते. "बोलली की, बाई," ते म्हणाले. "पहिला नंबर त्याचा, दुसरा माझा. आयुष्यात कधी एवढा वर नंबर आला नव्हता माझा."