या हं परत

माझी मुलगी स्वमग्न आहे. शाळेतल्या बाई म्हणाल्या, तिला नुसतं सांगून उपयोग नाही, प्रसंगाची छोटी चित्रगोष्ट करून दाखवा. हे काम तिच्या बाबांनी हौसेनं अंगावर घेतलं. बर्डीच्या बाजारातून स्केचपेन आणून 'पाहुणे निघतात तेव्हा' काढली: मुलगी दारापर्यंत जाते, हात हलवते, म्हणते, 'या हं परत.' नाकं सगळ्यांची भज्यासारखी. मी चिडवायचे. पण पोरीचा त्या कागदावर जीव जडला. वर्षभरानं एका संध्याकाळी तिनं दारात उभं राहून दूधवाल्याला म्हटलं, "या हं परत." हे तोंड धुवायला म्हणून न्हाणीघरात गेले, ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत.

बाहेरच्या माणसांसाठी तिच्याजवळ एवढं एकच वाक्य होतं. कुरियरवालासुद्धा त्यातून सुटायचा नाही.

मग हे गेले. एकाएकी, ऑफिसातच. घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. अशा घरून निघताना कोणी 'येतो' म्हणत नाही, घरचेही 'या' म्हणत नाहीत. माणसं मुकाट उठून जातात. माझी पोरगी मात्र प्रत्येकामागे दारापर्यंत जायची, हात हलवायची. "या हं परत."

लोक चपापायचे. कुहीहून आलेल्या मोठ्या जाऊबाई शेवटी म्हणाल्या, "तिले समजाव ना वं. मयतीच्या घरी असं म्हणते का कोणी?" आणि त्यांनीच तिला दंड धरून आत ओढलं. ती कानांवर हात ठेवून किंचाळत राहिली.

मला भयंकर संताप आला. पण जाऊबाईंशी भांडायची ताकद नव्हती, आणि पोरीला पुन्हा कोणी ओढलेलं मला बघवलं नसतं. म्हणून मी कागद घेतला. मला चित्रं येत नाहीत. काड्यांची माणसं काढली: पाहुणे निघतात, मुलगी ओठांवर बोट ठेवते. खाली लिहिलं, 'काही बोलायचं नाही.'

बाबांच्या गोष्टीला वर्ष लागलं होतं. माझी तिला एका दुपारीच समजली.

तेरवी झाली. लोक परत 'येतो' म्हणून निघू लागले. परवा तिच्या शाळेतल्या बाई आल्या होत्या. निघताना दारात मुद्दाम थांबून त्यांनी हात हलवला. मी तिच्या बाबांनी काढलेला कागद तिच्यापुढे धरला. म्हटलं, "म्हण ना बेटा, आता चालतं."

तिनं कागद नीट पाहिला. मग हात वर केला आणि बोट माझ्या ओठांवर ठेवलं.