भाद्रपदातला थायलंड

आमचे हे माळी आहेत. व्हिजिटिंग कार्डावर 'लँडस्केप अँड गार्डन' वगैरे छापलंय, पण लेस्टरमधल्या पन्नासेक लोकांच्या मागच्या अंगणातलं गवत जो कापतो त्याला मराठीत माळीच म्हणतात. ह्यांचे वडील डॉक्टर, आई डॉक्टर, बहीण डॉक्टर. मुलगा माळी होतोय म्हटल्यावर वडील दोन वर्षं धड बोलले नव्हते. पुढे मुलगा एका पुरुषाबरोबर राहतो हे त्यांना कळलं, पण तो पुरुष भूलतज्ज्ञ आहे हेही त्याच वाक्यात कळलं. त्यावर ते म्हणाले, "बरं झालं. त्या घरात एक तरी डॉक्टर आला."

'हे' म्हणतोय, कारण माझं नाव कुठे लिहिलंस तर बघ, असं मला बजावण्यात आलेलं आहे. समोरासमोर आमचं अरेतुरेच चालतं. पण माझ्या आईने बाबांना जन्मभर 'अहो' म्हटलं, ती हौस मी कागदावर भागवून घेतो.

तर, आम्ही दोघं दरवर्षी थायलंडला जायचो. समुद्रकाठच्या एका गावात एक गल्ली आहे, तिथे आमच्यासारख्यांचे बार आहेत, नाचगाण्याचे शो आहेत, साडेसहा फुटी बायका आहेत ज्या सकाळी दाढी करतात. जगभरातून लोक तिथे धमाल करायला येतात. डिसेंबरात येतात. आम्ही जायचो सप्टेंबरात.

सप्टेंबरात त्या गल्लीत काय असतं? खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या असतात. समुद्रावर लाल झेंडे, म्हणजे पाय भिजवायलासुद्धा बंदी. पाऊस आडवा. गिऱ्हाईकच नाही म्हणून बारवाल्यांनी आपसांत पाळ्या लावून घेतलेल्या: सोमवारी हा उघडा, मंगळवारी तो. हॉस्पिटलच्या रोटाला, म्हणजे ड्यूट्यांच्या तक्त्याला, कंटाळून मी सहा हजार मैल उडून जायचो, आणि तिथे दारावर रोटा चिकटवलेला.

शोचा नियम असा की प्रेक्षक चार झाले तरच पडदा वर जाणार. आम्ही दोन. मग शेजारच्या औषधांच्या दुकानातला माणूस आणून बसवायचे, आणि त्याच्या आईला. गर्दीत आपण कुठेतरी मागे दडून टाळ्या वाजवतो, तशी सोय लो सीझनमध्ये नसते. पहिल्याच वर्षी त्या शोची मालकीण, साठीची, पिसांचा झगा, हिला आम्ही आपसांत 'मावशी' म्हणतो, तिने मला हात धरून स्टेजवर ओढलं, डोक्यावर पांढरी जाळी टाकली आणि नवरी म्हणून उभं केलं. नवरा कोण? औषधवाला. त्याची आई खाली बसून डोळे पुसत होती. दुसऱ्या दिवशी जुलाबाच्या गोळ्या घ्यायला गेलो तर तिने पैसे घेतले नाहीत.

आता सप्टेंबरच का, ते सांगतो. इथून माझी नाचक्की सुरू होते.

हॉस्पिटलमध्ये रुजू झालो तेव्हा आमच्या विभागाचा रोटा एका सीनियर मराठी बाईंकडे होता, अजूनही आहे. सांगलीच्या. सगळे त्यांना नावाने हाक मारतात, फक्त मी 'मॅडम' म्हणतो. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "सुट्ट्यांचं तुझं काय? घरी कोण कोण असतं?" हे तेव्हा माझ्याकडे राहायला आले होते, एक गवत कापायचं मशीन आणि अकरा कुंड्या घेऊन. मी म्हटलं, "कुणी नाही हो मॅडम. मी एकटाच."

भीती कसली होती म्हणाल तर सांगता येत नाही. हॉस्पिटलात इंद्रधनुष्याचे बिल्ले फुकट वाटतात, मॅडमच्या स्वतःच्या कोटावर एक आहे. माझ्या घरी, पुण्यात, सगळ्यांना माहीत आहे. आई ह्यांना व्हॉट्सॲपवर उकडीची कृती पाठवते. तरी तोंडातून गेलं. आणि तेवढ्यावर न थांबता मी पुढे म्हटलं, "ख्रिसमसचं माझं काही नसतं. मला फक्त गणपतीला घरी जायला मिळालं की झालं."

कारण थायलंडची तिकिटं त्या सप्टेंबरची काढून झाली होती आणि तारखा नेमक्या गणपतीत पडत होत्या.

मॅडम विरघळल्या. "दीड दिवसाचा की पाच?"

माझी रजा दहा दिवसांची होती. "दहा," मी म्हटलं.

झालं. तेव्हापासून रोटामध्ये ते दहा दिवस माझ्या नावाने कोरून ठेवलेले. ख्रिसमस, बॉक्सिंग डे, न्यू इयर, सगळं माझ्या गळ्यात, कारण मुलंबाळंवाल्यांना तेव्हा सुट्टी हवी आणि मी काय, एकटा. गणपती कधी ऑगस्टच्या शेवटी, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. आमचा लो सीझन पंचांगावर ठरायचा. खरा गणपती भावाकडे, ठाण्याला, दीड दिवसाचा. आरतीला मी व्हिडिओ कॉलवर हजर असायचो, वरती झब्बा, खाली पोहायची चड्डी.

परत येताना विमानतळावरून थेट बेलग्रेव्ह रोड, लेस्टरमधला देशी मिठायांचा बाजार. तिथे पेढे घ्यायचे, दुकानाचं खोकं फेकून द्यायचं, साध्या डब्यात भरायचे. मॅडम तो डबा दोन्ही हातांनी घ्यायच्या. "रंग किती रापलाय तुझा!" "मांडवात उभं राहून, मॅडम." दुसऱ्या वर्षापासून त्या जायच्या आधी एक नारळ आणून देऊ लागल्या, रुमालात बांधून. "माझ्या नावाने ठेव तुझ्या बाप्पापुढे." एका वर्षी मुलीच्या परीक्षेसाठी होता. एका वर्षी त्यांच्या यजमानांच्या बायपाससाठी. त्या नारळांची आमच्या घरी चटणी झाली. एवढं मात्र केलं की तिकडे किनाऱ्यावर न चुकता एक शहाळं मॅडमच्या नावाने प्यायलो. स्ट्रॉने.

या सगळ्यात ह्यांचं काय व्हायचं? माळ्याचा सप्टेंबर म्हणजे मोसम. उन्हाने भाजलेली लॉन खरवडायची, बी टाकायचं, कुंपणं छाटायची. गिऱ्हाइकं चिडून फोटो पाठवत असायची आणि हे लाल झेंड्याखाली बसून त्यांना उत्तरं देत असायचे. डिसेंबरात लेस्टरची जमीन दगड होते, ह्यांना काडीचं काम नसतं, तेव्हा हे सोफ्यावर एकटे, आणि मी हॉस्पिटलात, टर्की कापताना बोट कापून घेतलेल्यांच्या सेवेत. सात वर्षं, मधली करोनाची सोडून. चार वर्षांपूर्वी आम्ही टाउन हॉलमध्ये जाऊन सह्या करून लग्न केलं, तेव्हाही मी 'कौन्सिलमध्ये काम आहे' म्हणून अर्धा दिवस मागितला होता. तेवढं एक खरं बोललो होतो.

गेल्या सप्टेंबरात मावशीने शो रद्द केला. औषधवाला गावाला गेला होता. ती आमच्याच टेबलाशी येऊन बसली, झगा गुडघ्यापर्यंत वर घेऊन, आणि डिसेंबर कसा असतो ते सांगू लागली. गल्लीत चालायला जागा नसते. टेबल महिनाभर आधी धरावं लागतं. म्हातारी जोडपी येतात, पन्नास पन्नास वर्षं एकत्र राहिलेली, मॅचिंग शर्ट घालून, आणि बारा वाजता सगळी गल्ली एकमेकांच्या गळ्यात पडते. "या एकदा," ती म्हणाली. "तेव्हा मी तुम्हाला ओळख देणार नाही, वेळ नसतो. पण या."

मी माझं नेहमीचं सुरू केलं. गर्दी कशाला, सगळं महाग, लो सीझनची मजा वेगळीच. ह्यांनी ऐकून घेतलं. मग छत्रीतून हॉटेलकडे जाताना म्हणाले, "तुला माहिती आहे आपण काय करतो? आपण लग्नाला जातो जेव्हा मांडव काढतात."

"काव्य बरं सुचलं."

"जोक नको. नेक्स्ट इयर डिसेंबरमध्ये माझा फोर्टिएथ आहे. मला ती गल्ली फुल झालेला बघायचं आहे. तुझ्याबरोबर." ह्यांचा जन्म इथला, ह्यांच्या मराठीत लिंगभेद मानत नाहीत, आमच्या घराला ते शोभतंच. "तू रजा माग. आणि गणपती नको, शंकर नको, कोणी देव मधे नको. माझ्यासाठी म्हणून माग. नाहीतर मी एकटा जातो."

मला वाटलं, बोलतायत. मार्चमध्ये ह्यांनी तिकीट काढलं. एक. फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलं, दुधाला हात घातला की दिसेल असं.

ख्रिसमसचा रोटा आमच्याकडे जूनमध्ये ठरतो. सेमिनार रूम, भिंतीवर मोठा तक्ता, मॅडम लॅपटॉपपाशी, आम्ही बाराजण बिस्किटांभोवती. मॅडमनी डिसेंबर उघडला आणि कुणाला न विचारता पंचवीस ते एकतीसच्या चौकोनांत माझी आद्याक्षरं भरायला घेतली.

"मॅडम," मी इंग्लिशमध्ये म्हटलं, "यंदा मला डिसेंबरची रजा हवीय. सप्टेंबरची नको."

सगळ्यांनी फोनमधून माना वर केल्या. मॅडमचा चेहरा उतरला. त्या एकदम मराठीत आल्या, हळू आवाजात. "अरे, घरी सगळं ठीक ना? सुतक वगैरे…?"

"नाही नाही. सगळे ठणठणीत आहेत."

"मग गणपती?"

आणि काय सांगू, शप्पथ, हे तोंड माझं नाही. "यंदा आम्ही माघी करायचं ठरवलंय."

"माघी फेब्रुवारीत येतो."

"हो. म्हणजे, फेब्रुवारीतच."

"मग डिसेंबर कशाला?" मॅडम खरंच मदत करायला बघत होत्या. कपाळाला आठ्या घालून त्यांनी विचार केला, आणि चेहरा उजळला. "दत्तजयंती असते का तुमच्याकडे?"

इतकं सुंदर, तयार, गरम गरम खोटं मला आयुष्यात कुणी वाढलं नव्हतं. नुसती मान हलवायची होती. दत्तजयंती डिसेंबरातच येते. मान हलायला सुरुवातही झाली होती. रजा मिळाली असती, तिकीट काढता आलं असतं, आणि संध्याकाळी हे विचारणार होते, काय म्हणून मागितलीस? आणि मग मी ह्यांना काय सांगणार होतो, तीन शिरं आणि चार कुत्री?

"नाही मॅडम," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याचा वाढदिवस आहे. चाळिसावा."

बाकीच्या अकराजणांना अर्थात काही कळलं नव्हतं. मॅडमनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "इंग्लिशमध्ये सांग," त्या म्हणाल्या. "रोटा सगळ्यांचा आहे."

सांगितलं. इतक्या वर्षांचा घाम त्या एका वाक्याला फुटला. एकजण "ओ, लव्हली" म्हणाला आणि त्याने बिस्किट घेतलं. दुसरी म्हणाली, मग ह्याचे सप्टेंबरचे दहा दिवस रिकामे झाले ना, ते मला हवेत. तिसरा म्हणाला, मी आधी बोलणार होतो. माझ्या नवऱ्याची चर्चा अर्धा मिनिट चालली, सप्टेंबरची वीस मिनिटं.

बैठक संपल्यावर मॅडमनी मला थांबवलं. दार लावलं.

"गणपती आहे का रे तुमच्याकडे मुळात?"

"भावाकडे. दीड दिवसाचा."

"आणि तू कुठे असायचास?"

"थायलंड."

"पेढे?"

"बेलग्रेव्ह रोड."

"मी ते देवापुढे ठेवायचे आधी." त्या खिडकीकडे बघत होत्या. "बायपासच्या वर्षीचा नारळ?"

मी चटणीचं सांगितलं. शहाळ्याचंही सांगितलं, स्ट्रॉसकट. एकदा सांगायला बसलोय तर.

मॅडम हसल्या नाहीत. मला वाटलं होतं हसतील. "नवरा आहे याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "पण मी नारळ मनापासून दिला होता रे." मग त्यांनी लॅपटॉप मिटला. "डिसेंबर तुझाच होता. इतके ख्रिसमस केलेस, पहिला हक्क तुझा. तू कधी मागितलाच नाहीस. आणि माझ्याकडे गणपती पाच दिवसांचा असतो. यंदा रोज आरतीला यायचं, दोघांनी. नवरा काय करतो?"

"माळी आहे."

"माझ्या लॉनमध्ये शेवाळ झालंय."

ह्यांना फोन केला तर मागे कुंपण छाटायचं यंत्र घरघरत होतं. "मिळाली," मी ओरडलो.

यंत्र बंद झालं. "काय म्हणून मिळाली?"

"नवऱ्याचा वाढदिवस म्हणून."

"कोणाला बोललास?"

"सगळ्यांना. इंग्लिशमध्ये."

पलीकडे नाक ओढल्यासारखा आवाज आला. हे म्हणतात, पानांची ॲलर्जी.

"तिकीट काढला?"

"आत्ता तर बैठक संपली!"

"मग फोन ठेव ना, मूर्खा! हाय सीझन आहे तिकडे!"

ह्यांच्या विमानात एकच जागा उरली होती. एकसष्टावी रांग, मधली सीट, टॉयलेटला लागून. ह्यांची चाळिसाव्या रांगेत, खिडकीपाशी. घेतली.