बालातो मागायची चोरी

हर्मिनिया पालमारेसचा आवाज बसला, तो कायमचाच. इलोइलो शहराच्या मोलो भागात तिला सगळे मनांग हर्मिंग म्हणतात. मनांग म्हणजे थोरली बहीण, आणि हिचा थोरलेपणा समोरच्याला मान्य असो नसो, ती गाजवतेच. उभी हयात तिनं बिंगोचे आकडे पुकारण्यात घालवली. चर्चच्या जत्रेत, बाप्तिस्म्याच्या जेवणावळीत, आणि कुणाकडे मयत झालं की शवाजवळ जागायला माणसं बसतात तिथंही. पत्ते नाहीत, बिंगो नाही, तर जागायला येणार कोण? नुसता आकडा पुकारणं तिला कमीपणाचं वाटे. आकड्याचं रूप बघून ती त्याला शेपूट जोडायची. ‘अकरा! नगरसेवकाचे पाय!’ नगरसेवक समोर बसलेला असला, तर आणखी जोरात.

मग घशात गाठी झाल्या. डॉक्टरनं नळी घालून पाहिलं आणि ओरडायचं नाही म्हणून सांगितलं. शेजाऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि बाई मात्र आजारी पडली. बोलायला मिळत नाही म्हणून माणूस खंगतं, हे तिच्या सुनेला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

सुनेनंच मग कॉम्प्युटरवरच्या बिंगोत तिला काम मिळवून दिलं. आकडे यंत्र काढायचं, खेळणारे आपापल्या घरी बसून पाच-पाच पेसोंची तिकिटं घ्यायचे, आणि बाजूच्या पट्टीत गप्पा चालायच्या. त्या गप्पा चालू ठेवणं हे हर्मिंगचं काम. दोन बोटांनी टायपायची, पण तिखटपणा सगळा तसाच उतरायचा. अकरा आला की नगरसेवकाचे पाय आलेच. तिची खोली भरायला लागली आणि तिच्या अंगावर पुन्हा मांस चढलं. जुगार तो जुगार, त्याचं गुणगान कुणी करू नये, पण या बाईला त्यानं जीभ परत दिली हेही खरं.

भानगड झाली ती कंपनीच्या खाऊची. जो छान गप्पा मारेल त्याच्या खात्यात होस्टनं, म्हणजे हर्मिंगसारख्या गप्पा चालवणाऱ्यांनी, रोज खाऊ म्हणून थोडे पेसो टाकायचे, असं वरून ठरलं. झालं! मुंग्यांना साखरेचा पत्ता लागला. ‘मनांग, आज माझ्याकडे बघा.’ ‘मनांग, माझी डुक्करीण बाळंत झाली, अकरा पिल्लं.’ ‘मनांग, माझी तर बाळंत होतानाच मेली.’ कुणी नवखा आला की त्याला खाजगीत गाठून दुखणी-खुपणी ऐकवायचे. नवखा बिचारा बूट न घालताच पळायचा.

तेव्हा मनिलाहून वेंडेल सर आले. होस्टांवरचा साहेब, हर्मिंगच्या धाकट्या मुलाहून लहान, इस्त्रीचा शर्ट आणि कपाळावर घाम.

“मनांग, तुमच्या खोलीत लोक खेळायला येतात की भीक मागायला?” त्यानं विचारलं.

“दोन्ही,” हर्मिंग घोगऱ्या आवाजात म्हणाली.

“हे थांबलं पाहिजे. पुढच्या शुक्रवारी मी इथं तुमच्या शेजारी बसून बघणार. नाही थांबलं, तर ही खोली यंत्राकडे जाईल. यंत्र गप्पाही मारतं आता.”

“अकराला ते काय म्हणतं?”

“अकरा म्हणतं.”

पगार गेला असता तर तिनं तांदळाचे लाडू विकले असते. बोलणं गेलं तर विकायला तरी काय उरणार?

तिनं आधी जाहीर केलं, जो जास्त बोलेल त्याला खाऊ. दुसऱ्या दिवशी पट्टीत ‘शुभ सकाळ’शिवाय काही दिसेना, तेही दुपारच्या जेवणापर्यंत. मग तिनं फर्मान काढलं: खाऊ मिळेल तो कुणाला हसवलं म्हणून, नवख्याला वाट दाखवली म्हणून, आजारी माणसाची चौकशी केली म्हणून. कधी मिळेल ते सांगणार नाही. आणि कुणाकडेही, काहीही, कसंही मागितलं तर त्याचा आठवड्याचा खाऊ बंद.

हे जालीम निघालं. डुकरिणी बाळंत व्हायच्या थांबल्या. नवखे टिकायला लागले. पण ‘कुणाकडेही, काहीही’ म्हणताना बाईनं एक घोळ करून ठेवला होता. त्यात बालातोही गेला.

आता बालातो म्हणजे भीक नव्हे. आपल्याकडे पोराला नोकरी लागली की शेजारी दारातूनच ‘पेढे कुठायत?’ विचारतात, त्यातला प्रकार. कुणी जिंकलं की भोवतालच्यांनी ‘बालातो! बालातो!’ म्हणून गलका करायचा आणि जिंकणाऱ्यानं हसत चार पैसे वाटायचे. न वाटणाऱ्याचं नशीब रुसतं, असं तिथं शेंबडं पोरही सांगेल. पाव्हिया गावचा बोदोय, सगळ्यांचा मनोंग म्हणजे थोरला भाऊ, रिक्षा चालवून निवृत्त झालेला, जगातल्या प्रत्येक जिंकणाऱ्याकडे बालातो मागायचा. पैशांची त्याला ददात नव्हती. ती त्याची अभिनंदन करायची रीत होती. फर्मान निघाल्यावर त्यानंही तोंड शिवलं. हर्मिंगला वाटलं, जमलं.

शुक्रवारी दुपारी वेंडेल सर आले आणि तिच्या स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. आपल्या लॅपटॉपवरून ‘पाहुणा’ या नावानं तेही खोलीत शिरले.

खोली शिस्तीत होती. नको तितकी. आकडे येत होते, जात होते. कुणी जिंकलं की ‘अभिनंदन’ यायचं, त्याखाली ‘अभिनंदन’, त्याखाली ‘हार्दिक अभिनंदन’. अकराला नगरसेवकाचे पाय घातले तरी कुणी हूं की चूं केलं नाही. साहेब आल्याची कुणकुण सगळ्यांना लागली होती, आणि मनांगची खोली वाचवायची म्हणून सगळे श्वास धरून बसले होते.

“मागत तर कुणीच नाही,” वेंडेल म्हणाला.

“बघा!”

“पण मनांग, बोलतही कुणी नाही. असली खोली यंत्रही चालवेल. हेच तर ते चालवतं.”

हर्मिंगनं दोन्ही बोटं मांडीवर ठेवली. आपणच आपल्या हातानं खोलीचा गळा दाबला, हे तिला तेव्हा लख्ख दिसलं.

आणि नेमका त्याच वेळी दिवसाचा मोठा डाव लागला. जिंकली ती एस्तान्सियाच्या बंदरावर सुकी मासळी विकणारी साल्बिंग. फारशी न बोलणारी, वर्षभर खेळून कधी धड काही न मिळालेली.

‘अभिनंदन,’ पट्टीत आलं. ‘अभिनंदन.’ ‘हार्दिक अभिनंदन.’

मग काहीच नाही.

‘एवढंच?’ साल्बिंगनं लिहिलं.

‘खूप खूप अभिनंदन,’ मनोंग बोदोयनं भर घातली.

‘मनोंग बोदोय, तुम्ही आजारी आहात का?’

‘ठणठणीत आहे.’

‘मग मागत का नाही? गेल्या महिन्यात त्या पासी गावच्या बाईकडे कसे मागत होता गळा काढून! मी काय मेले आहे? माझ्याकडे मासळीचा वास येतो?’

‘आम्हाला मागायची चोरी आहे, इंदाय,’ बोदोयनं घरच्या पोरीशी बोलावं तसं लिहिलं.

‘अहो, पहिल्यांदा देवानं दिलं, आणि कुणी बालातोही मागू नये? माझं नशीब दारातून परत पाठवणार तुम्ही! मागा हो कुणीतरी. पाया पडते. एकानं तरी मागा!’

वेंडेल पुढं वाकला. “मनांग, ही काय करतेय?”

“भीक मागतेय,” हर्मिंग म्हणाली. “आम्ही तिच्याकडे मागावं म्हणून.”

“मग हिच्यावर कारवाई करायची?”

“नियमानं तर करायला हवी. लिहा तुम्ही, जिंकलेल्या बाईनं भीक मागितली म्हणून. मनिलात वाचतील.”

साल्बिंगनं मग वाट पाहिली नाही. खोलीत असतील नसतील त्या सगळ्यांच्या खात्यात तिनं सारखा वाटा टाकून दिला. त्याबरोबर पट्टी अशी फुटली की वाचता वाचेना. बोदोय नाचत असल्याचं त्याच्या बायकोनं कळवलं. मासळीच्या वासाचं कौतुक झालं. कुणीतरी नगरसेवकाच्या पायांची चौकशी केली. हर्मिंगची बोटं तव्यावरच्या लाह्यांसारखी उडायला लागली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलंही नाही.

“मनांग,” वेंडेल हळूच म्हणाला, “मलाही आलंय.”

‘पाहुणा’च्या खात्यात साल्बिंगचा वाटा येऊन पडला होता.

“परत कसं पाठवायचं?”

“परत?” हर्मिंगनं कपाळावर हात मारला. “बालातो परत? तिचं नशीब तिच्या तोंडावर फेकणार?”

“अहो, मी कंपनीचा माणूस. खेळाडूकडून मी काही घेऊ शकत नाही!”

“मग लिहा स्वतःविरुद्ध तक्रार.”

तेवढ्यात पट्टीत बोदोय गरजला: ‘ए पाहुण्या, बालातो खिशात घातलास आणि तोंडातून शब्द नाही? घरी काही शिकवलं की नाही?’

वेंडेलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं हर्मिंगकडे पाहिलं. ती मुद्दाम भिंतीकडे पाहत होती. शेवटी त्यानं एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘आभारी आहे, मनांग साल्बिंग. देव आणखी देवो.’

‘कुणाचा रे तू?’ सगळ्यांनी एकदम विचारलं, आणि साहेबाला पुढचा अर्धा तास आईचं गाव, लग्न न झाल्याचं कारण आणि बटाटे न खाण्याचं कारण सांगत बसावं लागलं.

लॅपटॉप मिटताना तो म्हणाला, “खोली तुमच्याकडेच राहू दे. पण नियम नीट लिहा. रडगाणं गाऊन मागायचं नाही, खाजगीत मागायचं नाही, कंपनीकडे मागायचं नाही. जिंकणाऱ्याकडे...”

“...न मागायचं नाही.”

“असं कसं लिहायचं?”

“मी लिहिते. तुम्ही सही करा.”

सगळ्यांना वाटा मिळाला होता, हर्मिंगला सोडून. होस्टच्या खात्यात काही टाकताच येत नाही. साल्बिंगनं दोनदा विचारलं, ‘मनांग, तुमचं काय?’ तिनं लिहिलं, ‘मला चालत नाही, इंदाय. तुम्ही खा.’ लिहिलं खरं, पण लागलं तिला. मयताच्या घरी बिंगो व्हायचा तेव्हा जिंकणारा पहिलं नाणं पुकारणारीच्या हातावर ठेवायचा. तो हात आता रिकामाच राहणार होता.

वेंडेल ‘आलोच’ म्हणून बाहेर गेला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून वाफाळत्या बाचोयचा वाडगा घेऊन आला. शेवया, काळीज, वर कुरकुरीत चरबी. त्यानं तो तिच्यासमोर ठेवला.

“हे कंपनीचं नाही, खेळाडूचंही नाही,” तो म्हणाला. “पाहुण्याकडून आहे.”

हर्मिंगनं वाडग्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. लहान पोराला हाक मारावी तशी ती म्हणाली, “तोतो...”

“बोला, मनांग.”

“अंडं नाही घातलं रे यात?”

त्यानं हसत वाडगा उचलला आणि पुन्हा कोपऱ्यावरच्या दुकानाकडे निघाला.