राहून गेलेली नळी

मी काय काम करतो हे आमच्या हसनाबादेत अजून कुणाला नीट कळलेलं नाही. घराच्या पुढच्या खोलीत दार लोटून दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो, म्हणजे गेम खेळत असणार, असं पारावरच्या मंडळींचं ठाम मत आहे. एकदा एकाला सांगितलं की मी रक्त तपासतो. त्यानं खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाला, "मंग रक्त कुठंय?"

रक्त पुण्यात असतं. तिथल्या लॅबमध्ये ते तीन दिवस उबेत ठेवतात, पेशी दुभंगायला निघाली की तिला ऐन क्षणी थांबवतात, काचेवर पसरून रंगवतात आणि यंत्र तिचे फोटो काढतं. ते फोटो माझ्याकडे येतात. एका पेशीत शेचाळीस गुणसूत्रं, एकमेकांवर आडवीतिडवी पडलेली. त्यांच्या अंगावरचे काळे-पांढरे पट्टे बघून एकेक ओळखायचं आणि जोड्या लावायच्या, हे माझं काम. एका माणसाच्या वीस पेशी बघतो. नाव नसतं, नंबर असतो.

सहा वर्षं झाली, तरी मला याची सवय झालेली नाही आणि होऊही नये. जन्मात कधी न भेटणाऱ्या माणसाचं सगळं माझ्यासमोर जोडीजोडीनं उभं राहतं, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत असतो आणि मी इकडे माणूस कशाकशाचा होतो ते बघत असतो. अंगावर काटा येतो. मग लाइट जाते, इन्व्हर्टर कण्हायला लागतो आणि मी दोन शिव्या देऊन पुन्हा कामाला लागतो.

ओळखायची नजर मला आबांकडून, म्हणजे वडिलांकडून, आली असावी. आमचं घर मूळचं मेंढरांमागं फिरणारं. आता शेती आहे, पण आबांनी बारा-चौदा मेंढरं हौसेनं ठेवली आहेत. ते मेंढरं मोजत नाहीत. संध्याकाळी कळप आत शिरताना एकदा बघतात आणि सांगतात, "कानफाटी आली न्हाई, आन् हे एक पिल्लू आपलं न्हवं." आकडा जुळला म्हणजे कळप जुळला असं नसतं, हे मी पुस्तकात वाचायच्या आधी त्यांच्याकडून शिकलो.

आता माझी लाज सांगतो.

लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि माझ्या बायकोचे तीन गर्भ गेले होते. तिसऱ्या वेळी तर चौथा महिना लागला होता. त्यानंतर ती बोलेनाशी झाली. गल्लीतल्या बायांनी आपलं बोलणं काही सोडलं नाही. एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता तिनं साध्या आवाजात सांगितलं, "तुम्ही दुसरी करा. मी मंठ्याला जाते आईकडं. माझ्यातच खोट हाय." मी भडकलो. "येड्यासारखं बोलू नको," म्हणालो आणि दुसऱ्याच दिवशी तिला जालन्याला नेलं. हिरव्या टोपणाच्या नळीत रक्त काढून घेतलं, ती नळी छातीशी धरून जुन्या जालन्यातल्या गर्दीतून कुरिअरवाल्यापर्यंत गेलो आणि आपण मोठं काम केलं असं वाटून परत आलो.

नळी एकच होती. तिची.

माझ्यासमोर जे अर्ज येतात त्यांवर स्वच्छ छापलेलं असतं की वारंवार गर्भ जात असतील तर नवरा-बायको दोघांचं रक्त पाठवा. एकट्या बाईचं आलं की मी चिडून शेरा मारतो, "पतीचा नमुना पाठवावा." किती नवऱ्यांना मी मनातल्या मनात झापलं असेल! आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा दुसऱ्या नळीचा विचारच डोक्यात आला नाही. मुद्दाम टाळली असती तर निदान पळपुटा तरी म्हणता आलं असतं. मला सुचलंच नाही, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते.

घरच्यांचा नमुना आम्हाला बघू देत नाहीत. तिचा आमच्या मोठ्या मॅडमनी बघितला. याच मॅडमनी मला काम शिकवलं. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. "मिसेसचं सगळं नॉर्मल आहे," त्या म्हणाल्या. "तुमची नळी कुठे आहे?"

"राहून गेली, मॅडम."

"राहून गेली?" एवढंच त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

बायकोला मी सांगितलं की तुझं सगळं ठीक आहे. तिला आनंद झाला नाही. "ठीक हाय, तर मंग लेकरं का जातेत?" तिनं विचारलं. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप पुन्हा जालन्याची बस धरली.

माझा रिपोर्ट मॅडमनी फोनवर सांगितला नाही. त्यांनी त्यांचा स्क्रीन माझ्या कॉम्प्युटरवर उघडून दिला आणि म्हणाल्या, "तुम्हीच बघा." शेचाळीस होती. मी सवयीनं पहिल्या जोडीपासून निघालो आणि तिसऱ्या जोडीवर थांबलो. एक बरोबर होतं. दुसऱ्याच्या शेपटाकडचे पट्टे त्याचे नव्हते. ते कुणाचे हे मला लगेच कळलं, पण मी मुद्दाम हळूहळू दहाव्या जोडीपर्यंत गेलो. तिथं तिसऱ्याचा तुकडा बसला होता. दोघांनी शेपटं बदलून घेतली होती, आणि माझ्या मापानं तरी तसूभर काही हरवलं नव्हतं. म्हणूनच मी धडधाकट होतो. पण लेकराला देताना त्यातलं अर्धंच जातं, आणि चुकीचं अर्धं गेलं की एक तुकडा जास्त होतो, एक कमी पडतो, आणि गर्भ टिकत नाही.

मी किती वेळ बघत बसलो कोण जाणे. भीती नंतर वाटली, रागही नंतर आला. पहिल्यांदा वाटलं ते नवल. जगभराचं आत डोकावून बघणारा मी, आणि माझ्याच अंगातल्या पेशीपेशीत मी जन्मायच्या आधीपासून हे बसलेलं होतं. इतकं नीटस, इतकं मुकाट्यानं. हात जोडावेत असं वाटलं. मॅडम पलीकडून हळूच म्हणाल्या, "आई-वडिलांचंही पाठवा. आणि आता दोन्ही नळ्या."

दुपारी मी बायकोला खुर्चीत बसवलं आणि पडद्यावर ती दोन गुणसूत्रं दाखवली. तिनं निरखून बघितलं.

"म्हंजे माझं न्हाई?"

"न्हाई. माझं."

तिनं पडद्याकडे पाठ केली. मग म्हणाली, "तीन वर्सं म्या उपास करून राह्यले, आन् तुम्ही हितं बसून दुसऱ्याचं बघून राह्यले." एवढं बोलून ती जी रडायला लागली ती थांबेचना. मी माफी मागितली. तिनं ती लगेच दिली नाही, आणि तेच योग्य होतं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की निरोगी मूल होऊ शकतं, तपासण्या करत जाऊ. परत येताना बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मंठ्याला जायचं तिनं पुन्हा काढलं नाही.

आई-आबांचे रिपोर्ट आले. आईचं सगळं सरळ होतं. आबांच्या पेशीत तिसरं आणि दहावं, त्याच जागी तुटलेलं आणि त्याच जागी जुळलेलं. मी दोघांचे फोटो शेजारी लावून बघितले. बापाकडून लेकाकडे येताना एका पट्ट्याचाही फरक पडला नव्हता. लोक म्हणतात मी आबांसारखा दिसतो. हे मात्र दिसण्याच्या कितीतरी आतलं होतं.

आबांना पडद्यासमोर बसवलं. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "ह्या दोघांनी एकमेकांचं घोंगडं पांघरलंय की रं." मला हसू आलं, त्यांनाही आलं. आई मागे दारात उभी होती. ती हसली नाही.

"मंग माझी ती तिघं?" तिनं विचारलं.

माझ्याआधी आईची तीन लेकरं गेली. दोन पोटातच, एक सहा दिवसांचं होऊन. गाव तिला पांढऱ्या पायाची म्हणायचं. बारशाला तिला कुणी बोलवत नव्हतं. हे मला मामीनं सांगितलेलं, आई या विषयावर माझ्यासमोर कधी बोलली नव्हती. आबाही कधी बोलले नव्हते.

"ह्या अदलाबदलीमुळंच गेली असतील, आई," मी म्हणालो. "तुझ्याकडून काही न्हवतं."

ती आत आली, माझ्या टेबलावरचा कोरा कागद उचलून माझ्यापुढे ठेवला. "लिहून दे."

रिपोर्ट लिहिताना मी एकही वाक्य सरळ लिहीत नाही. "शक्यता आहे", "आढळून येते", "पुढील तपासणी करावी", असं सगळं जपून. ज्या लेकरांची तपासणी कधी झालीच नाही, त्यांच्याबद्दल ठाम लिहायचा मला काही अधिकार नव्हता. तरी मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, "तिन्ही लेकरं गेली त्यात आईचा काहीही दोष नव्हता." आणि खाली सही केली.

आईला वाचता येत नाही. तिनं तो कागद माझी बायको पुढे आली तरी तिच्याकडे दिला नाही. आबांच्या हातात दिला.

"वाचा."

आबा चौथी शिकलेले. ओळीखालून बोट सरकवत ते ओठातल्या ओठात पुटपुटले.

"मोठ्यानं," आई म्हणाली. "तवा लोक मोठ्यानंच बोलत होते."

आबांनी तिच्याकडे बघितलं. मग ते खुर्चीवरून उठले, दारात जाऊन उभे राहिले, आणि गल्लीकडे तोंड करून पहिल्या शब्दापासून वाचायला लागले.