आत माणूस असताना

माझ्या धाकट्या बहिणीच्या, मंजिरीच्या, तेराव्याला आलेल्या दोन बायकांना मी दारातून परत पाठवलं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर लिहिता लिहिता मी स्वतःला हळूहळू चांगला करत नेईन. आमच्या फ्लॅटला, कोलकात्यात बहुतेक घरांना असतं तसं, लाकडी दाराबाहेर लोखंडी सरकतं जाळीचं दार आहे. त्या जाळीपलीकडे दोघी उभ्या होत्या. एकीच्या हातात स्टीलचा डबा होता. "दीदींचं घर हेच ना?" तिने बंगालीत विचारलं. "आम्ही तिथल्याच... दीदींच्या तुरुंगातून सुटलेल्या. मी शेफाली." मी आधी मागे वळून पाहिलं. आत आमच्या मराठी मंडळातली माणसं जेवत होती, त्यांच्यापैकी कुणी ऐकलं तर नाही ना, एवढंच मला बघायचं होतं. मग तिच्या डब्याकडे बघत मी म्हणालो, "नाही, पत्ता चुकलाय तुमचा." मंजूचा हार घातलेला फोटो माझ्या खांद्यावरून त्यांना सरळ दिसत असणार, हे माझ्या लक्षात आलं ते त्या जिना उतरून गेल्यावर. डबा त्यांनी पायरीवर ठेवला होता. "कोण रे?" मावशीने विचारलं. "पत्ता चुकला होता," मी म्हणालो आणि पंक्तीत वाढायला लागलो.

मंजू तुरुंग अधिकारी होती. दुर्गापूजेनंतर तिला डेंगूचा ताप आला, तो तिने दोन दिवस ड्यूटीवर अंगावर काढला आणि आठवड्याच्या आत ती गेली. ज्या व्हॉट्सॲप गटावर मंडळाच्या बातम्या येतात तिथे मी लिहिलं, "राज्य सरकारच्या सेवेत होत्या." मेल्यावरसुद्धा मी तिची नोकरी लपवली. शोकसभेत एक गृहस्थ म्हणाले, "फार मनमिळाऊ हो." मनमिळाऊ! इतक्या वर्षांत त्यांनी तिला एकदा तरी विचारलं होतं का, तुझा दिवस कसा जातो? चोर-दरोडेखोर आत हवेत, हे सगळ्यांना मान्य असतं. पण जी कुलूप लावते तिच्याशेजारी बसून मोदक वळायचे म्हटलं की पदर सावरला जातो. गणपतीत तिला नेहमी कुणीतरी गोड आवाजात सांगायचं, "तू दमून आलीस ना, बस जरा." मी ते ऐकायचो. मला ते बरंच वाटायचं, कारण ती बसली की तिच्याबद्दलचं बोलणंही बसायचं.

बाबा कस्टम्समध्ये होते. साताऱ्याहून बदली होऊन खिदिरपूरच्या गोदीवर आले आणि इथलेच झाले. मी त्यांच्यासारखा, घरात मराठी आणि ऑफिसात इंग्रजी, मध्ये काही नाही. मंजू मात्र मासळीबाजारात अशी भांडायची की कोळीण तिला विचारायची, "तुमचं गाव कुठलं, बर्दवान?" राज्य सेवेची परीक्षा तिने बंगालीतून पेपर लिहून दिली. निकाल लागला तेव्हा मावशी घरी होती. "जेलर? म्हणजे जावयाला जन्मठेप!" ती म्हणाली आणि आम्ही सगळे हसलो. मंजूही हसली. पुढे तोच विनोद मी निदान पन्नास ठिकाणी सांगितला असेल, तेव्हा ती हसायची नाही.

नागपूरचं एक स्थळ आलं होतं. फोनवर मी सांगितलं होतं, "ऑफिसचं काम असतं तिला." मुलाच्या आईने चहा घेताना प्रेमाने विचारलं, "मग, कुठे असतेस तू?"

"तुरुंगात असते, काकू."

त्यांचा कप हवेतच राहिला. मंजू पुढे म्हणाली, "घाबरू नका, चाव्या माझ्याकडे असतात."

ते लोक गेल्यावर मी तिला वाटेल ते बोललो. तुझ्यामुळे आमची मान खाली जाते, असंही बोललो. ती शांतपणे कप विसळत होती. म्हणाली, "दादा, खोटं तू बोललास आणि मान माझ्यामुळे खाली गेली?"

नोकरीतल्या पहिल्या संध्याकाळची गोष्ट तिने मला एकदाच सांगितली. मोजणी झाल्यावर बायकांच्या बराकीला कुलूप लावायचं होतं. गजांपलीकडे एक बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती आणि मंजूकडेच बघत होती. मंजूने खाली बघून चावी फिरवली. शेजारी उभी असलेली जुनी वॉर्डर म्हणाली, "मान खाली घालून कुलूप लावू नका, दीदी. तिच्याकडे बघून लावा. नाही बघवलं, तर ही नोकरी सोडा." मंजू म्हणाली, "दादा, ट्रेनिंगमध्ये कवायत शिकले, कायदे शिकले. अधिकारी त्या संध्याकाळी झाले." मी टीव्ही बघत होतो. "हं," म्हणालो... तिने एवढं मोठं काहीतरी माझ्यासमोर ठेवलं आणि मी हं म्हणालो.

ती देवी नव्हती. तापट होती, कैद्यांवर ओरडायची. तुरुंग चांगला असतो असं कुणी म्हटलं तर त्यांच्यावरही ओरडायची. सर्वांत जास्त चिडायची ती जामीन मिळूनही आत राहणाऱ्या बायकांवरून. न्यायालयाने सोडलेलं असतं, पण जामीन राहायला घरचं कुणी येत नाही. सुट्टीच्या दिवशी ती अशा घरांचे दरवाजे ठोठावत फिरायची. आम्ही म्हणायचो, तिला घरात पाय ठरत नाही.

माझ्यावर ती खरी चिडली ती बाबांवरून. बाबांना विसर पडायला लागला होता. एकदा ते जिना उतरून गेले आणि थेट गोदीच्या फाटकापाशी सापडले. तेव्हापासून मी आणि बायको कामाला जाताना जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावायला लागलो. आमच्या इमारतीत म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत बरेच जण असंच करतात, त्याला कुणी काही म्हणत नाही. मंजू तेव्हा तुरुंगाच्या क्वार्टरमध्ये राहायची. एका दुपारी ती अचानक आली. बाबा जाळी धरून उभे होते. मी पोहोचलो तेव्हा ती पायरीवर बसून जाळीतून हात घालून त्यांचा हात धरून होती, अंगावर खाकी गणवेश होता.

"आत माणूस असताना बाहेरून कुलूप लावायचं नाही," ती म्हणाली.

"तू आम्हाला सांगतेस? तुझा धंदाच तो!"

"हो, धंदा आहे. मला सरकार हुकूम देतं, दिवसाला दोनदा मोजणी करून घेतं, आतल्या माणसाला काही झालं तर जाब विचारतं. तुला कोण विचारतं, दादा?"

तिने माझ्या हातातली किल्ली घेऊन कुलूप काढलं, किल्लीसकट पिशवीत टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून बाबांसाठी दिवसभराची बाई लावून दिली. मी त्या बाईला महिनाभरात काढलं आणि नवीन कुलूप आणलं. मंजू येणार असली की ते आधीच काढून ठेवायचो. तेराव्याला मी ज्या जाळीआडून बोललो तिच्यावर तेच लटकत होतं.

महिन्याभराने तिच्या कचेरीतून सामान न्यायला बोलावलं. टोपी, पट्टा, चहाचा कप, आणि खणात माझं जुनं पितळी कुलूप, किल्ली त्यातच अडकवलेली. तिची सहकारी म्हणाली, "हे त्या नव्या मुलींना दाखवायच्या. म्हणायच्या, हे माझ्या घरातून जप्त केलंय." मुली हसायच्या म्हणे. मी तिथे उभा राहून... मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटत होता आणि माझ्याशिवाय तिथे धरण्यासारखा कुणाचा गळा नव्हता. मी शेफालीबद्दल विचारलं. कोलकात्याबाहेर बजबजला, स्टेशनजवळ तिचं शिवणाचं दुकान आहे, असं कळलं.

घरी येऊन जाळीवरचं कुलूप काढलं. मंजूने बाबांसाठी लावलेली बाई पुन्हा कामावर आली आहे. बाबा रोज विचारतात, "मंजू आली का?" आणि मी त्यांच्याकडे बघून सांगतो, ती गेली. ते रडतात, मग विसरतात. जप्तीतलं कुलूप त्यांच्या वर्तमानपत्रावर ठेवलेलं असतं, पंख्याने उडू नये म्हणून.

रविवारी बजबजची लोकल धरली, बरोबर तो डबा घेतला, घासून. त्यातले नारळाचे लाडू तेराव्याच्या रात्रीच मी एकही न चाखता फेकायला लावले होते, तेही तिला सांगायचं होतं. दुकान म्हणजे एक मशीन आणि एक बाकडं. शेफालीने मला लगेच ओळखलं, पण मशीन थांबवलं नाही.

"आत येऊ का?" मी विचारलं.

"या. इथे दार नाहीच." मशीनखालचं कापड सरकवत ती म्हणाली, "माझा जामीन झाला तेव्हा दीदी माझ्या भावाकडे गेल्या होत्या. तो दारातूनच म्हणाला, शेफाली नावाचं इथे कुणी नाही, पत्ता चुकलाय. दीदी तिथेच पायरीवर बसून राहिल्या, तो बाहेर येईपर्यंत." तिने दोरा तोडला. "तुमच्या पायरीवर आम्हीही बसणार होतो. पण आत माणसं जेवत होती."

मी बंगाली वाईट बोलतो. ट्रेनमध्ये वाक्यं जुळवत आलो होतो, ती सगळी गेली. तिच्याकडे बघून जेवढं आलं तेवढं बोललो. म्हणालो, "पत्ता चुकला नव्हता. तुम्ही दीदीच्याच घरी आला होतात. मी तिचा भाऊ. मला तिची लाज वाटायची, म्हणून मी खोटं बोललो. तुमचे लाडू मी फेकले. मला माफ करा."