जिंकलेला डाव मी परत केला

“मॅम, पत्ते हवेत नको. टेबलावरच राहू देत,” पत्ते वाटणारी डीलर बाई तिसऱ्यांदा म्हणाली. दोनच पत्ते होते, पण मी ते रमीसारखे छातीशी धरून बसले होते.

२००५ साली मी अमेरिकेत, बेलव्ह्यूमधल्या एका छोट्या गेम कंपनीत टेस्टर होते. टेस्टर म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका, म्हणजे बग, शोधणारी. आमचा गेम होता कॉम्प्युटरवरचं पोकर, खोट्या पैशांचं. सहाशे टेस्ट केसेस, म्हणजे एकेक गोष्ट तपासायच्या चाचण्या, मी लिहिल्या होत्या. सगळ्या पास. तरी क्लायंटने गेम परत पाठवला. तक्रार एका ओळीची: “सगळं बरोबर आहे, पण हे पोकर वाटत नाही.”

“याचा बग कसा फाइल करू?” मी माझ्या बॉसला, डेलला विचारलं.

“तू खरं पोकर कधी खेळलीयेस?” डेल म्हणाला.

“नाही.”

“मग खेळून ये. दोन आठवड्यांत क्लायंटला पटलं नाही, तर कॉन्ट्रॅक्ट गेलं. आणि त्याबरोबर आपण.”

म्हणून शनिवारी दुपारी मी हायवेलगतच्या कार्डरूममध्ये, म्हणजे पैसे लावून पत्ते खेळायच्या अड्ड्यावर गेले. झगमगाट वगैरे काही नाही. बोलिंग ॲलीशेजारी सहा टेबलं आणि फ्रेंच फ्राइजचा वास. रिकाम्या खुर्चीत बसले आणि समोर बघते तर जोगळेकर काका! रिटायर्ड इंजिनियर, आमच्या मराठी मंडळाच्या नाटकांना लाइट्स करणारे.

“अगं, तू इथे?”

“ऑफिसचं काम आहे, काका.”

“असं होय. मी लायब्ररीत आहे. काकूला तसंच सांगितलंय.”

सॉफ्टवेअरमध्ये आपली पाळी आली की बटणं उजळतात. इथे बटणं नव्हती. दोनदा मी पाळी नसताना चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, पुढे केल्या, दोन्ही वेळा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मग तो डाव आला. या खेळात प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, मध्ये पाच सगळ्यांचे. त्यातून ज्याची जुळणी भारी, तो जिंकला. माझ्याकडे दोन सत्त्या होत्या. तिसरी मध्ये पडली. एकेक जण पत्ते टाकून बाजूला झाला. राहिलो काका आणि मी. काकांनी रेझ केलं, म्हणजे पैज वाढवली, मी त्यावर रेझ केलं. चिप्स ठेवण्याआधी मी त्या तीनदा मोजल्या. सहाशे टेस्ट्समध्ये एकदाही मोजल्या नव्हत्या.

शेवटी काकांनी पत्ते उघडले. दोन राजे. तीन सत्त्या त्याहून भारी. मी जिंकले होते! मी ऐटीत माझे पत्ते तसेच उलटे डीलरकडे सरकवले. आमच्या गेममध्ये शेवटी कॉम्प्युटरच सगळ्यांचे पत्ते वाचतो. मला वाटलं, इथे डीलर वाचेल.

“अगं थांब, सुलटे कर!” काका अर्धवट उठले.

“डाव चालू असताना टेबलावर फक्त इंग्लिश, सर,” डीलर म्हणाली आणि माझे पत्ते टाकलेल्या ढिगात मिसळून मोकळी झाली.

“पण माझ्याकडे तीन सत्त्या होत्या!” मी इंग्लिशमध्ये ओरडले.

“असतीलही,” ती शांतपणे म्हणाली. “उलटे सरकवले म्हणजे सोडले.” आणि चिप्सचा ढीग काकांकडे गेला.

पार्किंगमध्ये मी दहा मिनिटं गाडी सुरू न करता बसून होते. काचेवर टकटक झाली. काका.

“खरंच सत्त्या होत्या?”

“होत्या.”

“मी पहिल्या दिवशी फ्लश असाच टाकला होता, पाचही पत्ते बदामचे. आठ वर्षं झाली. नातवंडांचे वाढदिवस विसरतो, तो डाव विसरत नाही.”

सोमवारी मी बग फाइल केला: ‘खेळणाऱ्याला चूक करायची सोय नाही.’ प्रोग्रामर हसला. डेल हसला नाही. आम्ही डावाच्या शेवटी दोन बटणं टाकली, ‘दाखवा’ आणि ‘टाका’. तुम्ही दाखवत नाही तोवर कॉम्प्युटर गप्प.

गुरुवारी क्लायंटने नवा गेम खेळून पाहिला, एक जिंकलेला डाव चुकून टाकून दिला आणि डेलला फोन करून पाच मिनिटं शिव्या घातल्या. शुक्रवारी त्याने गेमच्या मंजुरीवर सही केली.

गेम बाजारात आल्यावर सपोर्टला येणाऱ्या निम्म्या ईमेल्स एकाच विषयाच्या असत: मी जिंकलो होतो, गेमने फसवलं. त्यांना उत्तरं लिहायचं काम माझ्याकडे आलं. चूक करताच येत नसेल, तर त्या खेळात कोणी रमत नाही. करता आली, तर तक्रार येते. टेस्टरला पगार दोन्हींचा तेवढाच मिळतो.